गावच्या तळ्यात शिकारी मासे सोडावेत का?

पाणकणीस
आमच्या गावाला एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळी कामावर झालेला. भरला की साठेक एकर पाणी, मे महिन्यात पंधरा-वीस एकर उरतं. ठेका गावातल्या भोई लोकांच्या मच्छीमार सोसायटीकडे आहे. ते दरवर्षी कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनसचं बीज, म्हणजे पिल्लं, आणून सोडतात. पूर्वी तीन-तीन किलोचे कटले निघायचे. आता जाळ्यात निम्म्याहून जास्त चिलापी येते, तीही तळहाताएवढीच. वाढतच नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत तळ्याच्या पलीकडच्या अंगाला शहरातल्या लोकांनी जागा घेऊन फार्महाऊस बांधली. त्यातल्या तिघाचौघांना गळाने मासे धरायचा शौक आहे. त्यांनी ग्रामपंचायतीला प्रस्ताव दिलाय : तळ्यात महसीर आणि पीकॉक बास (दक्षिण अमेरिकेतला शिकारी मासा) सोडू, बीज आमच्या खर्चाने. बाहेरचे हौशी लोक येतील, दिवसाला हजार रुपये तिकीट, मासा धरून फोटो काढून परत सोडायचा. निम्मे पैसे सोसायटीला, निम्मे ग्रामपंचायतीला. वर म्हणतात, बास चिलापीची पिल्लं खाईल, म्हणजे तोही प्रश्न सुटला.

ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. सरपंच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही इंटरनेटवर असता, जरा माहिती काढा." मी सोसायटीचा सभासद नाही, मासे खातो एवढाच संबंध. जाणकारांनी सांगावं.

गळकरी
बिनधास्त सोडा! पीकॉक बास गळाला लागला की हातात वीज आल्यासारखी वाटते. मी थायलंडला धरलाय. आपल्याकडे तळी भरपूर आणि त्यात काय, तर कणकेच्या गोळीला लागणारी चिलापी. परदेशात लोक या छंदापायी लाखो रुपये उडवतात. आपल्या गावांना हा पैसा नको असेल तर कठीण आहे.

आणि चिलापीवर शिकारी मासा हाच खरा उपाय. पुस्तकातसुद्धा हेच लिहिलंय.

चहाटळ
निवडून आल्यावर लहान माशांना खातो, धरला तर फोटो काढून सोडून देतात. गुरुजी, हा प्रस्ताव माशांचा आहे की पंचायत समितीचा?

भीमाकाठ
आमचं घर उजनीच्या काठचं. आजा-पंजा नदीत मासं धरायचा, धरण झालं तसं बाप धरणात धरायला लागला. एक सांगतो, चिलापीला एवढ्या शिव्या देऊ नका. बाहेरून आलेली हाय, कबूल. नदीतलं लई मासं तिच्या पायी गेलं, तेबी कबूल. पण आज उजनीवर शेकडो घरं तिच्यावर जगत्यात. भिगवणच्या हाटेलात जी मच्छी थाळी खाऊन तुम्ही बोटं चाटता ना, त्यात चिलापीच असती बहुतेक वेळा.

मला एकच इचारायचंय. मासा धरून परत सोडायचा, तर सोसायटीच्या माणसानं जाळं कुठं टाकायचं? त्याच्या जाळ्यात हजार रुपये तिकिटाचा मासा घावला तर तो त्यानं इकायचा का सोडायचा? का दंड भरायचा?

पाणकणीस
@भीमाकाठ, प्रस्तावात एक ओळ आहे : "ठराविक भागात जाळ्याची मासेमारी बंद राहील." ठराविक भाग कोणता ते लिहिलेलं नाही.

भीमाकाठ
आलं का ध्यानात. खोल पाणी असंल तोच भाग.

खडशी
जरा लांब लिहितो, कारण महसीरचं नाव निघालं की मला राहवत नाही. माझं टोपणनावही त्याचंच.

आधी महसीर. सह्याद्रीतला निळसर परांचा महसीर म्हणजे आपली खडशी. ती शास्त्राच्या वहीत पहिल्यांदा नोंदली गेली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं लिहिली. त्याची मोठी गंमत अशी की त्याने कोळ्या-भोयांना विचारून जी नावं मिळाली तीच लॅटिन करून ठेवली. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही खुद्री, नुक्ता, कोलुस, पोटेल, सांडखोल ही नावं घेतात. पुणे जिल्ह्यातल्या कुणा अनाम मच्छीमाराचे शब्द आहेत ते.

धरणं झाली, सांडपाणी आलं, खडशी कमी होत गेली. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात हाताने अंडी काढून तिचं बीज तयार करायला सुरुवात केली. ते काम अजून चालू आहे आणि मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत खडशी धोक्याबाहेर दाखवतात.

पण त्याच बिजाची दुसरी गोष्ट ऐका. ते बीज दुसऱ्या राज्यांतही गेलं, कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी शेपटीचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने काबिनीत १२० पौंडांचा धरला होता, म्हणजे सुमारे ५४ किलो. त्या नदीत आपली खडशी गेली आणि पसरली. गळवाल्यांच्याच कॅम्पवरच्या नोंदवह्या नंतर अभ्यासकांनी तपासल्या. १९९८ ते २०१२ या काळात खडशी वाढत गेलेली दिसते आणि कुबडवाला महसीर आटत गेलेला. त्याचं शास्त्रीय नाव नक्की ठरायला २०१८ उजाडलं. नाव ठरलं त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. बारसं आणि तेराव्याची तयारी एकाच मांडवात.

बीज सोडणारे कुणी वाईट लोक नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांना वाटलं महसीर म्हणजे महसीर.

गळकरी
@खडशी, छान माहिती, पण हा पाझर तलाव आहे, कावेरी नव्हे. इथे कोणता दुर्मिळ मासा बसलाय जायला?

खडशी
बरोबर. म्हणूनच तिथे महसीर सोडण्यातही अर्थ नाही. तिला वाहतं, गार, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. तळ्यात जगते, पण अंडी घालायला पावसाळ्यात ओढ्या-नदीत वर चढते. मे महिन्यात पंधरा एकरांत कोमट झालेल्या पाण्यात ती तग धरेल, पण वंश वाढणार नाही. म्हणजे दरवर्षी बीज विकत आणा. तेवढे पैसे फार्महाऊसवाले किती वर्षं देतील? शिवाय ती काही पक्की शिकारीही नाही. पाण्यात पडलेली उंबरं, बिया, शेवाळ, किडे, मिळाला तर लहान मासा, सगळं खाते. चिलापी संपवायचं काम तिच्याकडे दिलंत तर ती उंबराखाली बसून राहील.

रेवती
महसीरवरून आठवलं. आमच्या वाडा तालुक्यात तिळसे आहे, वैतरणेच्या काठी महादेवाचं देऊळ. तिथल्या डोहातले मासे कुणी धरत नाही, देवाचे म्हणून. लहानपणी आजीबरोबर जायचे. चुरमुरे टाकले की पाणी काळंभोर व्हायचं माशांच्या पाठींनी. एक मासा माझ्या बोटाला तोंड लावून गेला होता, ओठ रबरासारखे मऊ. महाडकडे वाळणकोंडीलाही असंच आहे. तिकीट नाही, पाटी नाही, आणि मासे शाबूत.

चहाटळ
गुरुजी, तळ्याकाठी एक देऊळ बांधा. प्रश्न मिटला. नवीन प्रश्न सुरू होतील, पण ते दुसऱ्या धाग्यावर.

निवृत्त_विस्तार
मी मत्स्यव्यवसाय खात्यात तीस वर्षं काढली, बहुतेक विस्तार कामात. गावोगाव जाऊन शेततळ्यांवर मासे कसे वाढवायचे ते शिकवायचो. आमच्या शिकवणीतला पहिला धडा काय असायचा माहीत आहे? बीज सोडण्याआधी तळ्यातले शिकारी मासे काढा. मरळ, शिवडा, वाम, जे काय असेल ते. त्यासाठी मोहाची पेंड टाकायला सांगायचो, हेक्टरी मीटरभर पाण्याला अडीच हजार किलो. पेंडीतल्या विषाने सगळे मासे वर यायचे, आणि दोन-तीन आठवड्यांनी ते विष उतरलं की पेंडीचं खत व्हायचं. मग कटला-रोहू सोडायचे.

त्यामुळे हा प्रस्ताव वाचून मला हसू आलं. एका पिढीने विष घालून काढलं, तेच दुसरी पिढी पैसे देऊन आणतेय.

पण गळकरी म्हणतात त्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. चिलापी दोन-तीन महिन्यांची झाली की अंडी घालायला लागते, पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण. खाणारी तोंडं वाढतात आणि अन्न तेवढंच, म्हणून सगळी तळहाताएवढी राहतात. तळ्यात शिकारी मासा बेताने ठेवला तर पिल्लं कमी होतात आणि उरलेली मोठी होतात, हे जगभर करून पाहिलेलं आहे. फक्त दोन पथ्यं. शिकारी मासा इथलाच हवा. आणि कटल्याचं बीज लहान सोडायचं नाही, बोटाहून लांब, ८० ते १०० मिलिमीटरच्या पुढचं सोडायचं. गुरुजी, तुमची सोसायटी केवढं बीज सोडते?

पाणकणीस
आज विचारून आलो. नखाएवढं. स्वस्त पडतं म्हणून. म्हणाले, मोठं बीज परवडत नाही.

निवृत्त_विस्तार
मग कटले कुठे गेले त्याचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. नखाएवढं बीज सोडणं म्हणजे पाणकावळ्यांना जेवण घालणं. उरलेल्या अर्ध्याबद्दल विचार करतोय.

मिनेसोटाकर
मी मूळचा साताऱ्याचा, बावीस वर्षं मिनेसोटात. इथे तळी दहा हजारांहून जास्त आणि हा वाद अगदी रोजचा. इथला मासा मस्की. पाईक नावाच्या शिकारी माशाचा थोरला भाऊ, मगरीसारखं तोंड, चार फुटांच्या वर जातो. त्याला 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात, म्हणजे दहा हजार वेळा गळ टाकाल तेव्हा एक लागेल. मी अजून सहाव्या हजारात आहे.

सरकारी खातं काही निवडक तळ्यांत मस्कीचं बीज सोडतं. तळ्याकाठी घरं असलेले लोक चिडतात : हा राक्षस आमचा वॉलआय मासा खाणार, पोरांचे पाय चावणार, बाहेरच्या बोटी येणार. ऑटर टेल नावाच्या जिल्ह्यात तर प्रकरण पार विधिमंडळापर्यंत गेलं. खात्याच्या शास्त्रज्ञांनी ४१ तळ्यांतल्या नोंदी तपासल्या, २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. मस्की सोडल्यामुळे बाकीचे मासे सरसकट घटले असं काही त्यांना दिसलं नाही. तरी लोकांचं मत बदललं नाही. माझे शेजारी अजून म्हणतात, "आमच्या तळ्यात घटले."

पण माझं निरीक्षण वेगळंच आहे. इथे भांडण माशाचं नसतंच. तळं कुणाचं, याचं असतं. काठावर घर असलेला म्हणतो माझं, लांबून बोट घेऊन येणारा म्हणतो सगळ्यांचं. मस्की बिचारा मधल्यामधे.

आणि एक फरक. मस्की या राज्यातलाच मासा आहे, तळी फक्त काही नवी. ५४ इंचांखालचा घरी नेता येत नाही, परवाना लागतो, खातं दर काही वर्षांनी जाळी लावून मोजदाद करतं. तुमच्या तळ्यावर हे कोण करणार?

चहाटळ
@मिनेसोटाकर, ५४ इंच? आमच्याकडे ५४ इंचाचा टीव्ही घेतला तरी गावजेवण घालावं लागतं.

गळकरी
सगळे मिळून बास सोडणं म्हणजे जणू अणुबॉम्ब अशा थाटात बोलताहेत. अमेरिकेत फ्लोरिडा सरकारने स्वतः पीकॉक बास आणून सोडला, १९८४ मध्ये. नको असलेले मासे खायला. तिथे काय आकाश कोसळलं? उलट धंदा वाढला.

खडशी
फ्लोरिडाचं उदाहरण खरं आहे. सोडण्याआधी अभ्यास झाला, आणि थंडी पडली की तो मासा मरतो म्हणून दक्षिणेच्या कालव्यांपुरता राहतो. निसर्गानेच कुंपण घातलंय. आपल्याकडे थंडीचं कुंपण कुठलं?

तोच मासा पनामातल्या गाटुन सरोवरात काय करून गेला ते पाहा. एका खासगी तळ्यातून १९६७ च्या सुमारास निसटला. काही वर्षांत सरोवरात नेहमी दिसणाऱ्या आठ जातींपैकी सहा जवळपास गेल्या. १९७३ मध्ये शोधनिबंध छापून आला, त्यात आणखी एक धागा होता : डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे संपले, तर मलेरियाचं काय होईल? पाझर तलावाच्या गावाने हा प्रश्न कान देऊन ऐकावा. जपानमध्ये अमेरिकन बास १९२५ मध्ये आशी सरोवरात हौसेने आणला. पुढे देशभर पसरला. आता बिवा सरोवरात गळाला लागलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे, २००३ पासून. धरून सोडण्याची हौस तिथे बेकायदा झाली.

आणि आपल्याकडे? २०१८ च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत ॲमेझॉनमधले अरापायमा मासे सापडले. लोकांच्या टाक्या-तळ्यांतून वाहून आलेले. २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार मासा मिळाला आणि त्याच साली श्रीनगरच्या दलमध्येही. तुमचा पाझर तलाव पावसाळ्यात सांडव्यावरून वाहतो ना? ओढा कुठे जातो? ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात. तिथे माझ्या साइक्सचे नुक्ता आणि कोलुस अजून थोडेफार उरलेत.

पाणकणीस
सांडवा वाहतो. ओढा कऱ्हेला जातो.

भीमाकाठ
कऱ्हा नीरंला, नीरा भीमंला. म्हंजे आमच्याच भीमंत येणार की वो पाव्हणा, धरणाच्या खालच्या अंगाला.

आमाला एक पाव्हणा आधीच पुरून उरलाय. आफ्रिकन मांगूर. २००० सालापासून बंदी हाय देशात, तरी लोकांनी शेततळ्यात घाण टाकून वाढवला. धाडी पडल्या, खड्डं काढून पुरला. पण तळं फुटून जो नदीत गेला त्यो काय कागद बघून माघारी येतोय व्हय?

सुगरण_नाही
विषय गंभीर आहे, पण मरळीचं नाव निघाल्यापासून मला भूक लागली आहे. आमच्याकडे विदर्भात मरळ म्हणजे राजा. काटा कमी, मांस घट्ट. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, धणे, थोडी खसखस, पाट्यावर वाटून. बाजारात टोपलीत जिवंत उड्या मारतात, कारण ती वरची हवा घेते, पाण्याबाहेरही तासन्तास जगते. माझ्या बाबांच्या पिशवीतून एक निसटून बसच्या सीटखाली गेली होती. कंडक्टरने तिचं हाफ तिकीट मागितलं.

चहाटळ
हाफ का? पाच वर्षांखालची असणार.

निवृत्त_विस्तार
हसा, पण हाच माझा मुद्दा. शिकारी मासा हवाच असेल तर मरळ इथलीच आहे. भाव कटल्याच्या दुप्पट-तिप्पट. तळं आटलं तर चिखलात राहते. चिलापीची पिल्लं आवडीने खाते. मला कळत नाही ते हे, की पन्नास वर्षं जुन्या, कडेला पाणकणीस आणि गवत असलेल्या तळ्यात मरळ आपोआप असायला हवी. ती का नाही? गुरुजी, जाळ्यात मरळ येते का?

पाणकणीस
माझ्या लहानपणी यायची. आता वर्षाकाठी दोन-चार, म्हणतात.

गळकरी
मरळ आहे की! गेल्या जुलैत मी अशाच एका पाझर तलावावरून साडेचार किलोची काढली. फोटो टाकेन. युक्ती सांगतो, कुणाला सांगू नका. पावसाळा लागला की मरळीची पिल्लं घोळक्याने वर येतात, लालभडक. खाली आई-बाप राखणीला असतात. त्या घोळक्यावरून रबरी बेडूक ओढायचा. भूक असो नसो, ती हल्ला करतेच. एकदा चुकली तर पुन्हा टाकायचा. दोन्ही मिळतात, नर आणि मादी. एका सकाळी तीन घोळके साफ केले आम्ही.

निवृत्त_विस्तार
@गळकरी, आणि पिल्लांचं काय झालं?

गळकरी
पिल्लांना आम्ही हात लावत नाही हो. तेवढी नीती पाळतो.

निवृत्त_विस्तार
त्यांना हात लावायला तुम्ही नको. आई-बाप उचलले की अर्ध्या तासात चिलापी आणि खंड्या येऊन उरकतात. तिळाएवढी पिल्लं असतात ती, राखणीवाचून नाही टिकत. मरळ इतर माशांसारखी लाखो अंडी टाकून निघून जात नाही. काही हजार घालते आणि महिनाभर त्यांना सांभाळते. त्या दिवसांत तिला गळाला लावायला कसब लागत नाही. ती चावते ते भुकेने नाही.

गळकरी
...हे असं कुणी सांगितलं नव्हतं. व्हिडिओत सगळे हेच करताना दिसतात.

रेवती
सांगितलं नसलं तरी डोळ्यांसमोर होतं ना?

मिनेसोटाकर
जरा सबुरीने घ्या. निदान ते मोकळेपणाने बोलले. इथे बास घरट्यावर बसलेला असताना धरावा की नाही यावरून भाऊ-भाऊ बोलत नाहीत.

पाणकणीस
बरेच दिवसांनी धागा वर काढतोय. तुमचं सगळं वाचून, छापून सरपंचांना दिलं. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "हा चहाटळ कोण?"

मधल्या काळात एक झालं. निवृत्त_विस्तार यांचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या काकांना गाठलं. सत्तरी पार, अजून ट्यूबवर बसून जाळं टाकतात. मी विचारलं, तळ्यात मरळ का नाही? ते म्हणाले, "उद्या सकाळी साताला या, पाऊस नसला तर."

गेलो. मागच्या अंगाला, जिथे पाणकणीस आहे, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी बोट दाखवलं. मला आधी काहीच दिसेना. मग ताटलीएवढा तांबूस डाग दिसला, हळूहळू सरकणारा. मधेच तो डाग वर यायचा आणि तेवढ्याच जागेत बारीक पाऊस पडल्यासारखं पाणी फुटफुटायचं, मग परत खाली. हजारो पिल्लं एकदम श्वास घ्यायला वर येत होती. काकांनी गवताची काडी टाकली. डागाच्या खालून काहीतरी काळं, माझ्या दंडाएवढं, वळलं आणि काडी खाली ओढून घेऊन गेलं. मी दोन पावलं मागे आलो, ते हसले.

"पूर्वी अशी दहा-बारा दिसायची," ते म्हणाले, "ह्या साली हे एकच. आषाढ लागला की पलीकडच्या बंगल्यांतनं काठ्या घेऊन येत्यात. आम्ही काय बोलणार, गळाला कोण नाही म्हणतं. आमचीबी पोरं आता कोयत्यानं मारत्यात रात्री, बॅटरी लावून. सगळं त्यांच्यावर नाही घालत."

तीन-चार वर्षांत मरळ गेली आणि त्याच तीन-चार वर्षांत चिलापी माजली. आधी जुळवून पाहिलंच नव्हतं.

ग्रामसभा काल झाली. दोन तास गोंधळ. प्रस्ताव देणाऱ्यांपैकी एक गृहस्थ खरंच चांगले बोलले, रागावले नाहीत. बाकीचे निघून गेले. ठरलं ते असं : बाहेरचा मासा नाही, महसीरही नाही. ज्येष्ठाच्या शेवटापासून श्रावण संपेपर्यंत मागच्या अंगाला गळ, जाळं, कोयता सगळं बंद, गावकऱ्यांनाही. गळाचं तिकीट ठेवायचं, पण शंभर रुपये आणि ते सगळं सोसायटीला. चिलापी धरून घरी न्यायची, कितीही. मोठ्या बिजासाठी ग्रामपंचायत या वर्षी थोडी रक्कम देईल. 'थोडी' हा शब्द ठरावात तसाच आहे.

खडशी
कितीही चिलापी घरी न्या, हे फार आवडलं.

निवृत्त_विस्तार
दोन वर्षं काही दिसणार नाही, आधीच सांगून ठेवतो. तिसऱ्या वर्षी जाळ्यातल्या चिलापीचं वजन करा, सरासरी लिहून ठेवा. आणि या वर्षीचंही आजच लिहा, नाहीतर पुढे कशाशी ताडून पाहणार? वही घाला एक.

भीमाकाठ
ठराव कागदावर झाला. रात्री बॅटरी घेऊन येणाऱ्या पोराला कोण अडवणार, ते ठरलं का? आमच्याकडं बी असं ठरलं हुतं एकदा.

पाणकणीस
@भीमाकाठ, नाही ठरलं. काका म्हणाले, मी बसतो तिथे रात्री, झोप तशीही येत नाही. @निवृत्त_विस्तार, वही आजच आणली. पहिली नोंद : ४० चिलापी, एकूण वजन ३ किलो २०० ग्रॅम.

गळकरी
गुरुजी, शंभर रुपयांचं तिकीट कुठे मिळेल? चिलापीसाठी. पुढच्या अंगाला बसेन.

चहाटळ
येताना कणीक आणा. रबरी बेडूक फाटकावर जमा करावा लागेल.